पोत

तो सिनेमा मी आजवर अकरा वेळा पाहिला,
पण खरा एकदाच,
साखर पेठेमागच्या पत्र्याच्या टॉकीजात,
मिलच्या सुट्टीला, सकाळच्या खेळाला, दीड रुपयात.
शेजारी बाप. मस्टरवर यल्लय्या गुंडेटी,
घरात नायना.

इंग्रजी आमच्या रांगेत कुणालाच येत नव्हतं.
ऑपरेटर मौलासाहेब मशीनच्या खिडकीतून डोकं काढून
मधूनमधून सांगायचा:
"डॉक्टर येडा झालाय बे. मढी गोळा करतोय."
एवढं पुरे होतं.
बाकीचं सावल्या सांगत होत्या:
जिन्यावर माणसाच्या आधी पोचणारी सावली,
कबरस्तानातला कललेला क्रूस,
काचेच्या नळ्यांतून चढणारे बुडबुडे,
आणि डॉक्टरचे ते डोळे,
सलग तीन रात्रपाळ्या केलेल्या माणसाचे.

नायना मात्र भलतंच बघत होता.
"आभाळाला सुरकुती पडलीय," म्हणाला,
"मांजरपाट आहे. नीट ताणला नाही."
खरंच होतं. वादळ आलं
की ढगांमधली घडी हलायची.
मला आधी लाज वाटली,
मग त्या घडीचीच भीती वाटू लागली.
अजून वाटते. आताच्या सिनेमातल्या
इस्त्री केलेल्या आभाळाची नाही वाटत.

टेबलावर चादरीखाली तो.
डॉक्टर मेंदूबद्दल बोलतो, नुसता मेंदूबद्दल,
कुणाचा, किती वजनाचा, बरणीतला की ताजा.
नायनानं उजवा पंजा मांडीवरून उचलला
(मधली दोन बोटं पट्ट्यानं नेलेली, माझ्या जन्माच्या साली)
आणि विचारलं, मला की पडद्याला कोण जाणे:
"ई चेतुलु एवरिवि रा?"
हे हात कुणाचे?
मौलासाहेबाकडे याचं उत्तर नव्हतं.

मग डॉक्टरनं खटका ओढला
आणि वीज गेली.
सिनेमातली नाही. पेठेतली.

काळोख. पंखे गरगरत थांबले.
बाहेर गल्लीतले माग एका दमात गप्प,
धोटे अर्ध्या वाटेवर.
कुणी शिट्टी मारली नाही.
शेंगा खाणाराही टरफल मुठीत धरून बसला.
टेबलावरचा तो ना मेलेला ना जन्मलेला,
आणि वर तापलेला पत्रा आपला कडकड वाजतोय.
चाळीस मिनिटं कुणी उठलं नाही.

वीज आली ती आधी ऐकू आली,
खडक् खट्, खडक् खट्, अख्खी पेठ एकदम,
आणि पडद्यावर चादर हलली.
डॉक्टर हसत सुटला, आभाळाकडे बघत.
उठणाऱ्याकडे बघायला त्याला सवड नव्हती.

तो उठला. पडला. भिंत धरून उठला.
गळा धरला नाही कुणाचा.
खिडकीशी गेला, पडद्याचं टोक हातात घेतलं
आणि अंगठ्यानं चोळून बघितलं, सावकाश,
चाटी गल्लीतल्या जुन्या गिऱ्हाइकासारखं.
नायना उभाच राहिला. मागून शिव्या आल्या.
"बघ की, पोत बघतोय!" ओरडला तो,
"विणकर होता बे!"

पुढं मशाली आहेत, कुत्री आहेत, जाळ आहे.
ते मी बहुतेक वेळा बघत नाही.

परवा मोबाईलवर तेवढंच थांबवून, मोठं करून पाहिलं.
बोटं पाचही शाबूत आहेत त्याची.
इतकी वर्षं मला तीनच आठवत होती.
आभाळातली सुरकुती मात्र आहे,
डावीकडे, मनोऱ्याच्या जरा वर.
कुणी ताणली नाही.