वाटणी

परवा ठरलं: बत्तीस बिटांची जुनी यंत्रं
यापुढे आपली नाहीत.
ठरलं म्हणजे अंबादास गज्जमनं ठरवलं,
तिघं मान हलवून मोकळे.
मेहरुन्निसा म्हणाली, साखर पेठेतल्या रात्रशाळेत
अकरा आहेत तसलीच. त्यांना कोण सांगणार, तू?

मग आवाज चढले. तेलुगूत, उर्दूत,
शेवटी मराठीत,
कारण भांडण सगळ्यांना कळायला हवं.
शेंगा चटणीची पुडी तशीच उघडी.

आमच्या घरी माग वाटले तेव्हा
सात होते. तीन थोरल्याला, तीन धाकट्याला,
सातवा भंगारात, किलोवर.

इथं तसं नाही. गज्जम गेला
तो सगळीच्या सगळी सिस्टिम घेऊन,
आणि सगळीच्या सगळी इथंही उरली.
फक्त चारशे बारावी ओळ तशी का लिहिली
ते त्यालाच माहीत होतं.
त्याच्या खुर्चीवर आता वायरी असतात.

काल रात्री मी घड्याळाची चूक काढली,
यंत्र झोपेतून उठलं की एक तास हरवायचा.
सकाळी पाहिलं:
त्याच्याकडेही तास सापडलेला.
माझीच दुरुस्ती, स्वल्पविरामही न हलवता,
खाली माझं नाव, पूर्ण, वडिलांसकट.

बोललेला मात्र नाही अजून.