तोच कोंबडा

रविवारची प्रार्थना संपली की चर्चबाहेर लिलाव भरतो.
ज्यांच्या हाताशी शिलिंग नसतात
ते केळ्यांचा घड आणतात, दुधाची बरणी,
कागदात गुंडाळलेली चार अंडी.
एलिआइची मास्तर घसा खाकरून बोली पुकारतात,
आणि मी, मंडळीचा खजिनदार,
अव्होकॅडोच्या झाडाखाली टेबल टाकून वहीत लिहितो:

नाएत्वे, वरची आळी. कोंबडा, एक.
घेणार कुंदाएली मेकॅनिक. नऊ हजार.
छपराच्या खात्यात जमा.

ओळ संपली. पण कोंबड्याला वाचता येत नव्हतं.
सोमवारी पहाटे तो पुन्हा नाएत्वेच्या अंगणात,
चुलीच्या दगडावर उभा,
काल जणू काहीच झालं नाही अशा आवाजात.

त्याला काखेत मारून
ती दोन तास डोंगर उतरली, पाट ओलांडून,
कॉफीच्या झाडांमधून.
"तुमचा माल."
कुंदाएली अर्धा जीपखाली. तिथूनच म्हणाला, "राहू दे तुला."
"माझा कुठला? मी दिलाय तो."
"मग माझाही नाही. बोली मी कोंबड्यावर लावली नव्हती,
पत्र्यावर लावली होती."
दोघं कोंबड्याकडे बघत राहिले,
कोंबडा टायरकडे.

पुढल्या रविवारी वहीत:
कोंबडा, एक, तोच. एलिनाजा नर्स, अकरा हजार.
एलिनाजाने त्याला टोपलीखाली झाकला, वर दगड ठेवला.
तांबडं फुटायचं ते फुटलंच.
टोपली आडवी, दगड घरंगळलेला,
आणि वरच्या आळीत बांग.

असा तो सात वेळा विकला गेला.
पाद्री प्रवचनात म्हणाले, आपण मालक नव्हे, कारभारी.
हे वाक्य दरवर्षी येतं, बांधकाम निघालं की.
मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं,
"आणि कोंबड्याच्या दाण्यांचा कारभार कोण बघतं?"
लोक हसले.
मीही हसलो, मग हसू अर्ध्यावर राहिलं,
कारण दाणे माझ्या वहीत कुठेच नव्हते.

म्हणून गुरुवारी चढून गेलो.
नाएत्वे मक्याचे दाणे मोजत होती, मूठ मूठ,
थोडे पातेल्यात, थोडे जमिनीवर.
"चर्चचा पाहुणा आहे," म्हणाली, "उपाशी कसा ठेवू?"
घरात अंधार असायला हवा होता, तेवढा नव्हता.
का, ते वर पाहिल्यावर कळलं.
तीन ठिकाणी आभाळ.

चर्चचं छप्पर चढलं. दोन पत्रे उरले.
समितीत मी विषय काढला, दोन तास वाद झाला.
देवाच्या नावाने जमवलेलं असं वाटता येतं का,
आज हिला दिलं तर उद्या कोणाला,
आणि मुख्य म्हणजे ती घेईल का.
"नाही घेणार," कुंदाएली म्हणाला. "लिलावात ठेवा."

त्या रविवारी मास्तरांनी पत्रे उभे केले, उन्हात डोळे दिपले.
"बोला!"
एरवी रताळ्यावरून भांडणारी माणसं
बुटांकडे बघत उभी.
मोशीहून आलेल्या एका पाहुण्याने तोंड उघडलं,
एलिनाजाने त्याच्या पायावर पाय दिला.
खूप वेळाने नाएत्वे, हळूच:
"दोनशे."
एकवार. दोनवार. मास्तर थांबले, जितकं थांबायला हवं
त्याहून कमी.
तेवढ्यात तिच्याच काखेतून कोंबडा ओरडला.
ती बोली धरली नाही.
तीनवार.

तिने आम्हा सगळ्यांकडे एकदा रागाने पाहिलं.
खांग्याच्या गाठीतून दोन नाणी काढली,
माझ्या टेबलावर ठेवली, आणि पावती मागितली.

मी दिली.
पत्रे, दोन. दोनशे शिलिंग, रोख.
हात जरा हलला, अक्षर वाकडं आलं.
खाली पुढची ओळ:
कोंबडा, एक.