सात नंबरचा ताणा

काल दुपारचा पारा : शेहेचाळीस.
रात्री अडीचला, मेडिकलच्या आयसीयूत,
सात नंबरचं मधलं बीपीही शेहेचाळीस.
निदान पासष्ट लागतं.
आकडा तोच,
बाहेर त्यानं डांबर वितळतं,
आत माणूस गार पडतो.

देवाजी बारापात्रे, वय एकाहत्तर, राहणार तांडापेठ.
आतडं फुटलं होतं, संध्याकाळी शिवून आणलं.
शिवण चोख आहे.
ड्रेनमध्ये लाल काही नाही, टाके कोरडे.
तरी मनगटातली सुई पडद्यावर जी लाट काढते
तिची टेकडी राहिली नाही,
ओल्या चादरीला पडावी तेवढी सुरकुती.

मी नख दाबते, सोडते.
एक. दोन. तीन. चार.
पाचाला रंग परत येतो,
उधारी फेडायला आलेल्या माणसासारखा
मान खाली घालून.
लघवी, तासाला बारा.
एवढं तर औषधाच्या टोपणात मावतं.

"नॉरॲड वाढवू?"
"थांब," डॉक्टर फरहीन म्हणतात, "आधी पाय उचलून बघू."

पलंगाची कळ मार्चपासून बंद,
म्हणून एक पाय मी, एक मामांनी.
केवढे हलके! टाचा मात्र दगड.
चाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात बसून
ह्याच पायांनी पावड्या दाबल्या,
डावी, उजवी, डावी,
लुगड्यामागून लुगडं उतरवलं.
पाया पडायला वाकतात ते वेगळं,
असे वर धरले नसतील कुणी.

पायांतलं रक्त काळजाकडे निघालं.
शेहेचाळीस. एकोणपन्नास. चौपन्न.
अठ्ठावन्न!
"ठेवू का जी?" मामांचे हात थरथरतात.
"थोडं अजून."
मग ठेवले,
आणि आकडा एकेक पायरी खाली उतरला.

"पाणी मागतोय," डॉक्टर म्हणाल्या,
कुंडीतल्या रोपाबद्दल म्हणावं तसं.

मी तांडापेठेच्याच मागच्या गल्लीत वाढले.
पहाटे गल्लीभर ताणा पसरलेला असायचा,
बायामाणसं पेज लावून कुंचा फिरवायची,
आम्ही पोरं दप्तर धरून खालून वाकून जायचो.
धक्का लागला की शिव्या.
ताणा सैल पडला तर कापड होत नाही,
फार ओढला तर तुटतो,
एवढं त्या वयात कळलं होतं.
औषधाचं यंत्र चारावरून सहावर नेताना
माझ्या बोटाला ते आठवतं.
बोटं काळी पडलेली पाहिलीत मी,
चार नंबरची, गेल्या आठवड्यात.
आकडा तेव्हा पासष्ट होता.

बाहेर कूलरपुढे दुर्पता, त्यांची पोरगी.
डबा मांडीवर, तसाच बंद.
"बाबाचं बीपी कितीक आहे जी?"
सांगते. ती हसायलाच लागते, घाबरून.
"अव माय, घरी तं नेहमी वाढेलच राहे!
तीन वर्सं झाले, मीठ बंद केलं मी त्याइचं.
वरणात नाई, भाजीत नाई.
एक डाव शेजारून लोणच्याची फोड आणली लपवून,
तं मी हातातून घेतली."
मग स्वतःच्या बोटांकडे बघत बसते.

तिला कसं सांगू
की आत ह्या घडीला मी
बाटलीमागून बाटली मिठाचं पाणीच चढवते आहे
तिच्या बापाला?
सांगितलं.

साडेपाच. एकसष्ट.
वहीत पासष्ट लिहावंसं वाटतं,
एकसष्टच लिहिते.
लघवी अठरा.
नख दाबते. एक. दोन. तीन.
तिनाला आला.

दारात दुर्पता, चपला हातात धरून :
"मंग आता लोणचं चालन का त्याइले?"