अर्धा किलो

सातपूरला, लेथच्या कारखान्यावर आमचं ऑफिस.
खाली दिवसभर तोच नट, तोच नट, तोच नट
आणि वर मी:
रिकाम्या क्रेटचं वजन वजा करणारी ओळ
सतरा काट्यांसाठी सतरा वेळा लिहिलेली.

लिहिणारी हेमलता दुसाने. सराफ बाजारातल्या घरची,
गुंजेचा हिशेब रक्तात असलेली.
मी तिला पाहिलेलं नाही. ती सोडून गेल्याला आठ वर्षं झाली,
तरी रोज भेटते: कॉपी, पेस्ट, काट्याचं नाव बदल;
पिंपळगावला झालेली स्पेलिंगची चूक
दिंडोरीत, वणीत, उमराळ्यात
घराण्याच्या नाकासारखी उतरलेली.

आता क्रेट बदलले. दोन किलोचे गेले,
एक किलो सातशेचे आले.
बोरस्ते सर म्हणाले, "सतरा ठिकाणी बदल, दहा मिनिटांचं काम."
दहा मिनिटांचंच आहे. मागच्या वेळीही होतं.
मागच्या वेळी सोळा ठिकाणी झालं
आणि वणीचा काटा महिनाभर जुन्याच आकड्यात जगला.

म्हणून या खेपेला ठरवलं, एकदाच लिहायचं,
सगळ्यांनी तिथूनच विचारून घ्यायचं.
एकेक ओळ उचलून दुसरीशेजारी धरली,
डाळ निवडावी तशी.
सोळा सारख्या.
गिरणाऱ्याची निराळी: दोन नव्हे, अडीच.
वर टीप, इंग्रजी अक्षरांतलं मराठी:
दगड आहे. हात लावू नका.

कसला दगड?
निवृत्ती थेट्यांना फोन लावला.
मागे टोमॅटोचा लिलाव, नुसता आरडाओरडा.
"दगड? हां, तो! काट्याची ताटली हलायची,
म्हणून कोपऱ्यात ठेवायचो. अर्धा किलोचा, मोजून.
दुसानेताईंनी मशीनमध्ये वजा करून दिला.
काढला की तो. नवा काटा आला, दोन दिवाळ्या झाल्या."

दोन दिवाळ्या.
नसलेला दगड दर क्रेटमागे
कुणाच्या ना कुणाच्या टोमॅटोतून वजा होत राहिला
आणि कुणी भांडलं नाही,
चिठ्ठी मशीनची होती ना.

एकूण किती, ते मी काढलं.
कागद सरांच्या टेबलावर ठेवला, उलटा.
त्यांनी सरळ केला, बराच वेळ पाहिला,
मग दोन चहा सांगितले आणि थेट्यांचा नंबर मागितला.

संध्याकाळी सतराच्या जागी एक ओळ राहिली.
तिच्यात दगड नाही.
टीप मात्र ठेवली, देवनागरीत:
इथे एक दगड होता. काढला तेव्हा त्यांचं सांगायचं राहिलं,
आणि आमचं विचारायचं.

खाली लेथ थांबलं होतं.
कुणीतरी नट मोजत होतं, हातानं.