विषय क्रमांक सात

सभागृहाचा पंखा सावकाश फिरतो.
खाली जेटीवर बर्फाचा ट्रक मागे येतोय,
त्याची टीं-टीं थेट माझ्या वहीत.
विषय क्रमांक सात :
नगरपरिषदेची पाणीपुरवठा योजना
तीस वर्षांसाठी खाजगी संस्थेस चालविण्यास देणे.

मी इतिवृत्त लिहितो. एकोणीस वर्षं लिहितोय.
कोण ओरडलं ते लिहायचं नसतं,
कोण काय म्हणालं तेही बेतानंच.

खवणेकर म्हणाले, चाळीस टक्के पाणी गळतं,
वीजबिल थकलंय,
पंप दुरुस्तीला कोल्हापूरला जातो
आणि माहेरपणाला गेल्यासारखा महिना महिना राहतो.
आपल्याला जमत नाही म्हणायला लाज कसली?
(खरं आहे. ती बिलं मीच फायलीला लावलीत.)

हमीदाबी मुकादम उठल्या :
भरती आली की मोहल्ल्याच्या विहिरींत मीठ उतरतं.
नळ गेला तर आज आम्ही तुमच्या दारात हंडे आपटतो.
कंपनीचं दार कुठल्या गावात?

बाबल ताऱ्यानं टेबलावर हात मारला :
"पाणी डोंगराचा, चर खणले आमच्या बापाशींनी,
आणि मीटर कोणाचो?"
मी लिहिलं : सन्माननीय सदस्य तारी यांनी
काही शंका उपस्थित केल्या.

मुख्याधिकारी बदलीवर आलेत, बदलीवर जातील.
त्यांनी शांतपणे समजावलं :
ठराव सभेचा, सही माझी,
मंजुरी जिल्ह्याची, पैसा मंत्रालयाचा.
मग या खोलीतली सतरा माणसं
नेमकी कशाची मालक,
हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही. मला बोलायचा अधिकार नाही.

सोबत मालमत्तेची यादी, परिशिष्ट 'ब' :
टाक्या दोन, पंप तीन, जलवाहिनी अठ्ठावीस किलोमीटर.
विठू कांबळी यादीत नाही.
देवळाजवळचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो,
बाजारातला साडेतीन आटेच उघडायचा,
नाहीतर वरच्या वाडीला नुसती हवा,
हे त्याच्या उजव्या मनगटात आहे
आणि मनगटाला परिशिष्टात रकाना नाही.
पण हेही लिहायला हवं
की शिमग्यात तो दोन दिवस पिऊन पडला
तेव्हा सगळा गाव कळश्या घेऊन
त्या एका मनगटाला उठवत होता.

मतदान. हात वर.
बाजूने नऊ.
मग आठ, कारण मांजरेकरबाईंनी
चहाचा कप घ्यायला हात खाली आणला
आणि तो परत वर गेलाच नाही.
विरुद्ध आठ.
सगळे नगराध्यक्षांकडे बघू लागले.
नगराध्यक्ष फोनकडे.

मी लिहिलं : सविस्तर चर्चेअंती विषय तहकूब.
'सविस्तर' हा शब्द मी फुकट देतो,
त्याला अजून मीटर नाही.

पहाटे पाच वीस.
नळ आधी खोकतो, मग गढूळ थुंकतो.
लांब बाजाराकडे लोखंडावर लोखंड.
विठू फिरवतोय.
मी कळशी लावतो
आणि मनातल्या मनात त्याच्यासोबत मोजतो,
एक, दोन, तीन,
आणि तो अर्धा,
जो कुठल्याच वहीत नाही.