चार हजार हर्ट्झच्या पुढे

क्लिफर्ड ऑलरेनशॉ यांच्या कानांचा आलेख मी पाहिलाय.
ली गावच्या दवाखान्यात, काचेच्या बंद खोलीत
मीच काढला होता तो:
आधी सपाट, मग चार हजार हर्ट्झपाशी
दरड कोसळावी तसा थेट खाली.
बत्तीस वर्षं ड्रिल चालवलं, म्हणाले,
जमिनीखाली अर्धा मैल.
मग हसून: म्हणजे इथंच. तुझ्या खुर्चीच्या खाली.

आज त्याच जमिनीवर उभे आहोत आम्ही,
म्हणजे जमीन होती तिथल्या पाण्याच्या काठाशी.
खाली पोखरलं ते वर खचलं,
खचलं तिथं पाऊस साचला,
साचलं त्यात गावानं वीजघराची राख ओतली.
खाण मिटल्यावर बोरूची रोपं, एकेक, हातानं,
मार्चच्या चिखलात गुडघाभर रुतून
यांनी आणि आणखी सात म्हाताऱ्यांनी.
लावणीच की, मी म्हणाले.
शब्द आवडला त्यांना. दोनदा म्हणून पाहिला.
दुसरा अर्थ मी सांगितला नाही.

लाकडी हाइडमध्ये ओल्या कुत्र्याचा वास, कुत्रं मात्र नाही.
फटीतून: टिटव्या सोळा,
डोक्यावर तुरा, आपल्याकडच्यांना नसतो तसा.
आमच्याकडे ही रात्री ओरडली
की कुणाचं तरी काही खरं नसतं, मी म्हणाले.
वहीतून डोकं वर न काढता ते:
इथं ही ओरडायची थांबली होती
तेव्हा कुणाचंच काही खरं नव्हतं.

मग बोरूच्या आतून
रिकाम्या बाटलीवर फुंकर मारावी तसा घुमार.
तपस. तो त्यांना माझ्याआधी ऐकू येतो.
खालचे सूर शाबूत आहेत, मला ठाऊक आहे,
तरी मी चकित झाल्यासारखं केलं.

परतताना पाइनखाली
सुईच्या टोकानं काचेवर रेघ ओढावी तसं काहीतरी.
हे काय? मी विचारलं.
काय काय? त्यांनी विचारलं.

हा चेहरा मी रोज बघते, काचेच्या अलीकडून.
मी सूर सोडलेला असतो,
हेडफोनखाली माणूस शांत, जवळजवळ समाधानी,
आणि बटणावरचं बोट हलत नाही.

करून दाखव, म्हणाले.
सि-सिसि, सि-सिसि, शेवटी छोटीशी गिरकी.
माझ्या ओठांकडे बघत राहिले.
मशीन काढलं, शर्टाला पुसलं, पुन्हा घातलं.
मग दुर्बीण उचलली आणि कितीतरी वेळ
फांदी फांदी चाळली.
सुपारीच्या वजनाचा जीव,
डोक्यावर हळदीची एकच रेघ.
गोल्डक्रेस्ट, म्हणाले. अगदी हळू,
जणू मोठ्यानं बोललं तर उडेल,
त्यांना काय, एरवी ते सगळंच ओरडून बोलतात.

वहीची मागची पानं उलटली.
गोल्डक्रेस्ट: शून्य. शून्य. शून्य.
अकरा वर्षं, दर वर्षाखाली सही.
पाइन चुकीचे तोडले, म्हणून पक्षी गेला,
असं दोनदा पत्र लिहिलं होतं रखवालदाराला.
बिचारा ड्वेन, म्हणाले. फार बोललो मी त्याला.

शून्यं खोडली नाहीत.
त्यांच्याखाली एक लिहिला आणि
ऐकणाऱ्याच्या रकान्यात पेन्सिल थबकली.
तुझं स्पेलिंग?
सुनीती, मी सांगितलं, एकेक अक्षर,
त्यांच्याकडे तोंड करून.

सोमवारी सेटिंग बदलून बघू, असंही म्हणाले मी.
बघू की, म्हणाले ते.
चार हजारच्या पुढे वाढवायला काही उरलेलं नाही,
हे त्यांनी तेव्हाच आलेखावर बघितलं होतं.

मग ठरलं: ऐकू आला की मी बोट वर करायचं.
पार्किंगपर्यंत माझं बोट अकरा वेळा वर गेलं,
अकरा वेळा त्यांनी तळहातावर रेघ ओढली.
एकदा मात्र तो पक्षी नव्हता,
फाटकाची बिजागरी होती.
गाडीशी आल्यावर सांगून टाकलं.
अंगठा थुंकीनं ओला केला त्यांनी,
एक रेघ पुसली.
दहा, म्हणाले.