तोळामासा

आचारसंहिता लागली की दर खेपेला
बाबांची ठासणीची बंदूक मी जनकगंज ठाण्यात जमा करते.
मुन्शी रजिस्टरात लिहितो: भरमार, एकनळी, चाप ढिला.
नळीत डोकावतो, हसतो.
"बाईसाहेब, हिच्यातून आता कोळीसुद्धा उडायचा नाही."
पावती मी डाळीच्या डब्यात ठेवते.

माप मात्र कधी जमा केलं नाही.
सांबरशिंगाचं, करंगळीएवढं,
आत तापल्या सुईनं ओढलेल्या तीन रेघा:
ससा. चितळ. सांबर.

बाबा सराफ्यात तराजू दुरुस्त करायचे.
दिवाळी सरली की सरदारांची पोरं, त्यांचे मेहुणे,
तारघरातला एक डिसूझा,
सगळे दुकानाच्या पायरीवर टेकलेले.
"तुळाजी, हात जरा सढळ ठेव."
बाबा म्हणायचे, दारू ती दारूच,
जास्त झाली की आधी घेणाऱ्याला लोळवते.
बारीक दारू तापट, जाडी समजूतदार.
जुन्या नळीला समजूतदारच द्यावी.
हवेत दमट वास आला तर चिमूट जिभेवर ठेवत,
थुंकत, आणि पुन्हा उन्हात पसरत.
वर मागल्या सालच्या पंचांगाची गुडदी,
मग गजाचे ठोके तीन.
चौथा ठोका रागाचा, म्हणत. तो घालायचा नाही.

माझ्या वेळी आईला सातवा होता.
आई म्हणाली, यंदा तुमच्या हातून काही मरू नये.
बाबा काही बोलले नाहीत.
घाटीगावच्या रानात बाळोजी दरेकरांची बंदूक भरताना
त्यांनी माप तिसऱ्या रेघेच्या खाली थांबवलं.
मासाभर कमी.
शिसं तेच, गुडदी तीच, ठोके तीनच.
कोणाला कळणार होतं?

बार झाला. धूर खैराच्या फांद्यांत अडकून राहिला.
धूर विरला तेव्हा सांबर तिथं नव्हतं,
पाल्यावर रक्त होतं, फेसाळ, गुलाबी.
दरेकर म्हणाले, जाऊ दे रे, जेवण निवतंय.

बाबा दोन दिवस त्या रक्ताच्या मागे गेले.
पहिल्या रात्री सहरियांच्या पाड्यावर झोपले,
त्यांना कोणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी दुपारी नाल्याच्या चिखलात ते सापडलं,
गुडघ्यांवर बसलेलं, कान हलत होते.
बाबांकडे फक्त सुपारी कातरायचा चाकू होता.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं,
माझं लग्न मोडलं त्या आठवड्यात,
सांत्वन म्हणून की कशासाठी, कळलं नाही.
म्हणाले, मला वाटलं मी दया केली.
मी फक्त वजन चुकवलं होतं.
मग पुन्हा खाली बघून तराजूची काटी घासू लागले.

त्या सालानंतर पायरीवर कोणी कितीही गयावया करो,
रेघ म्हणजे रेघ.
पुढं शिकारबंदी आली, डिसूझा पुण्याला गेला,
दरेकरांच्या बंगल्यात आता कोचिंग क्लास आहे.
रेघ राहिली.

आता बाबांची तब्येत तोळामासा.
डोळ्यांत सगळा मोतीबिंदू.
दौलतगंजच्या वैद्यांचं काळपट चूर्ण
रात्री मी त्याच मापानं देते, पहिल्या रेघेपर्यंत.
चमचे होते घरात. तरी यानंच देते.

काल झोप होती डोळ्यांवर, हात जरा आवरता घेतला,
एवढं कडू, म्हाताऱ्या जिवाला कशाला.
बाबांनी माप कानाशी धरलं,
दोन बोटांत हलवलं,
आणि माझ्याकडे, म्हणजे मी असेन अशा बाजूला, तोंड वळवलं.
"कमी आहे."
"वैद्यच म्हणाले, थोडं..."
"कमी द्यायचं असेल तर देऊच नकोस."

मी डबा पुन्हा उघडला.
वरून भरत गेले, हळूहळू,
ससा येईपर्यंत.